राफाएलचे थेंब

चौऱ्याहत्तर सालचा फेब्रुवारी. बदनापूर स्टेशनामागच्या पटांगणात बैलगाडी सोडायला जागा उरली नव्हती. पांढऱ्या झग्यातला ब्रदर कुपी उंचावून सांगत होता, "राफाएल म्हणजे 'देव बरं करतो'! ह्याच देवदूतानं माशाच्या पित्तानं आंधळ्या तोबीताला नजर दिली. तेच पित्त हे! एकच थेंब, एकाच डोळ्यात. दुसरा डोळा तुमच्या श्रद्धेवर!"

मालनबाई रांगेत एकट्याच होत्या. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. नवरा वारल्यावर बोलायला घरच्या भिंतीच उरल्या. मोतीबिंदूनं त्याही धूसर झालेल्या. ऑपरेशनला सोबत कोण येणार, म्हणून त्या टाळत आल्या होत्या. देवदूताकडे सोबत लागत नव्हती.

उजव्या डोळ्यात थेंब पडला. अर्ध्या तासानं लिंबाच्या सावलीत त्यांना समोरच्या बाईचं नाकडोळ्यांसकट तोंड दिसलं. दोन वर्षांनी माणूस दिसला! त्यांना रडूच फुटलं. पण उन्हात येताच डोळा दिपला, आणि त्यांचा हात डोळ्यावर गेला. तपासणीआधी बाहुली मोठी करायचे थेंब त्यांनी हजारोंच्या डोळ्यांत घातले होते. रोगी असेच डोळ्यावर हात धरत.

तेवढ्यात त्यांच्या शेजारी राहणारे साहेबराव, ज्यांनी आधीच थेंब घेतला होता, डोकं धरून ओकू लागले. "सिस्टर, डोळा फुटून राह्यला!"

"पाप निघून राह्यलं!" ब्रदर गरजला.

मालनबाईंनी कुणाची तरी बॅटरी घेतली, ब्रदरच्या मंडपात शिरून स्वतःच्या डोळ्यांवर धरली. "बघा! डावी बाहुली बारीक होते, उजवी होत न्हाई. मोठ्या बाहुलीतून मोतीबिंदूच्या कडेनं उजेड आत जातो, इतकंच. असर उतरला की मंग तोच अंधार. हे पित्त न्हाई, धोत्रा असंल."

"तुला दिसलं, अन् आम्हाला नको?" एक म्हातारी ओरडली. दोघा गड्यांनी मात्र ब्रदरची पेटी उघडली. आत धोत्र्याची काटेरी बोंडं. तोवर ब्रदर पसार.

साहेबरावांना त्यांनीच एस.टी.नं जालन्याच्या दवाखान्यात नेलं. गर्दीतलं कुणी आलं नाही. थेंबानं डोळ्यातला दाब चढला होता; डोळा वाचला, नजर निम्मीच राहिली.

आठवड्यात मालनबाईंचं धुकं परतलं. ऑपरेशनला त्या एकट्याच गेल्या. घरी जायच्या दिवशी, पट्टी बांधलेल्या डोळ्यानं, व्हरांड्यातल्या अनोळखी रोग्यांना म्हणाल्या, "देवदूत मीबी मानते. पण डोळ्यात थेंब घालणाऱ्याला आधी विचारा, ह्यात काय हाये? न्हाई सांगितलं, तर उठून चालू लागा. कुणी संगं न्हाई आलं तरी."