ळ काढला

मी एक जुना डोअर पॅड आहे, मित्रांनो. म्हणजे मोटारीच्या दाराला आतून लावलेलं राखाडी प्लॅस्टिक. ज्यावर तुम्ही कोपर टेकवता, बूट घासता आणि ज्याच्या खिशात चॉकलेटचे कागद कोंबता, तोच मी. माझी कहाणी कोणी विचारली नव्हती. पण आज मी चिडलोय, म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबलं आणि मी अंगावर बारीक रवाळ नक्षी घेऊन बाहेर पडलो. मग एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर मला बसवलं आणि गाडी रायपूरला आली. रेल्वेत नोकरी करणाऱ्या धर्मपाल कांबळ्यांनी ती घेतली. घरात त्यांची बायको सरिताताई आणि दुसरीत शिकणारी रुचिता. ती नेहमी माझ्याच शेजारी बसायची. कुटुंब मूळचं नागपूरकडचं. आईबाप मराठीत बोलायचे आणि पोट्टी उत्तर हिंदीत द्यायची.

एकदा हे तिघं गोल बाजारातून परतत होते. सरिताताईंनी स्टीलचा डबा घेऊन त्यावर नाव घालून आणलं होतं. दुकानदारानं घातलं 'कांबले'. धर्मपालांनी ळ हवा म्हणून सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, असं अक्षर हिंदीत नसतंच. रुचितालाही त्याचंच पटलं, कारण शाळेत ती 'कांबले'च लिहायची.

"पापा," ती गाडीत बसता बसता म्हणाली, "आपको अपना नाम लिखना नहीं आता."

सरिताताई तोंडाला पदर लावून हसल्या. धर्मपाल मात्र मागच्या दाराशी आले आणि धुळीनं भरलेल्या काचेवर बोटानं शिकवू लागले. इंग्रजी आठ आडवा पाडायचा, वर रेघ मारायची, झाला ळ. पोट्टीनं सगळं नीट पाहिलं. गाडी चालू झाल्यावर तिनं केसातली पिन काढली. डब्यावर नाव घालतात, मग गाडीवर का नको, असा तिचा सरळ हिशेब. घर येईपर्यंत तिनं माझ्या छातीवर 'कांबळे' कोरलं. ळ तर दोनदा गिरवला. दुखलं हो, खोटं कशाला बोलू? नवं कोरं अंग होतं माझं.

ते पाहून सरिताताई संतापल्या. पण धर्मपालांचा चेहरा फुलला.

"काहून ओरडून राहिली तिले?" ते म्हणाले. "पोट्टीनं ळ काढला, ळ! हे नाव इथंच राहीन. कोणी मिटवाचं नाही."

झालं, तेव्हापासून मी मिरवू लागलो. दीक्षाभूमीला गेलं की धर्मपाल दार उघडून नातेवाइकांना ते नाव दाखवायचे. चौदा एप्रिलला गाडी धुताना अक्षरांतली धूळ जुन्या टूथब्रशनं हळूच काढायचे. भांड्यावर नाव का घालतात, ठाऊक आहे ना? लग्नकार्यात गेलेलं भांडं आपल्याच घरी परत यावं म्हणून. मला वाटलं, मीही आता कायमचा या घरचा झालो. वेडाच होतो.

रुचिता मोठी झाली, शिकली, शंकर नगरातल्या एका ऑफिसात लागली. धर्मपाल निवृत्त झाले, त्यांची नजर अधू झाली. आता गाडी ती चालवायची आणि ते मागे माझ्या शेजारी बसायचे. एका संध्याकाळी मात्र तिच्या ऑफिसातली शर्मिष्ठा मागे बसली. तिनं वाकून नाव वाचायचा प्रयत्न केला आणि विचारलं, हा मधला आडवा आठ कसला?

रुचितानं मागे वळूनही पाहिलं नाही. "पता नहीं," ती म्हणाली. "किसी ने खरोंच दिया है।"

किसी ने! पिन तिची, हात तिचा, नाव तिचं. आणि म्हणे किसी ने!

त्याच रविवारी तिनं गाडी तात्यापारा भागातल्या विकीच्या दुकानात नेली. तो गाडीतल्या प्लॅस्टिकचे ओरखडे घालवून देतो. धर्मपाल सोबत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. विकीनं स्क्रू काढून मला टेबलावर आडवं केलं, साबणानं धुतलं आणि हीट गनचा गरम वारा सोडला. बुटांचे पांढरे चरे विरघळून गेले. बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? नावापाशी येताच तो थांबला. सगळे ओरखडे काढ, एवढं सांगून रुचिता बाहेर फोनवर बोलत होती.

"अंकल, ये नाम भी?" त्यानं विचारलं.

धर्मपालांनी ळवरून बोट फिरवलं. आता हे ओरडणार, याची मला खात्री होती.

"हव," ते म्हणाले. "निकाल दो." मग स्वतःशीच पुटपुटले, "जिनं काढला तिलेच नको झाला. मंग मीच काहून धरून बसू?"

त्यांचं दुःख मला कळलं, मित्रांनो. पण माझा राग गेला नाही. पोट्टीला हाक मारून त्यांनी एकदा तरी सांगायला हवं होतं, हा तूच काढला होतास म्हणून. ते धाडस त्यांना झालं नाही, आणि दगा मला मिळाला.

बाकीची अक्षरं गरम वाऱ्यानं गेली. ळ जाईना, खोल होता तो. विकीनं त्या खाचेत लांबीचा लगदा भरला, वाळल्यावर घासला, वर राखाडी रंग मारला. म्हणजे विकीनंही ळ काढलाच. मराठीतला हा शब्द मोठा लबाड आहे. लिहिला तरी काढला आणि घालवला तरी काढला.

आता मी नव्यासारखा दिसतो, असं सगळे म्हणतात. तो स्टीलचा डबा रोज रुचिताच्या पिशवीतून ऑफिसला जातो. चुकलेलं नाव सुखात आहे.

परवा धर्मपाल सवयीनं माझ्यावर बोट फिरवत होते. आडवा आठ, वर रेघ. पुन्हा आडवा आठ. रुचितानं आरशातून पाहिलं.

"पापा, क्या ढूँढ रहे हो?"

"काही नाही," ते म्हणाले आणि हात मांडीवर घेतला.

मित्रांनो, गाडीतल्या प्लॅस्टिकला जपा. बूट घासू नका, ओल्या फडक्यानं पुसत जा. चरा पडला तर खुशाल मिटवा. पण तो तुमच्याच हातचा असेल, तर 'कोणीतरी काढला' असं म्हणू नका. पिनेनं मला दुखलं होतं, पण इतकं नव्हतं दुखलं.