काचेची कांडी

माझ्या सासऱ्यांचं तोंड हे आमच्या कारखान्यातलं सगळ्यात भरवशाचं यंत्र. बाबा निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने ते यंत्र फुकटात आमच्या घरी पाठवून दिलं, असं मी सगळ्यांना सांगते. सासूबाईंना ही थट्टा अजिबात आवडत नाही, म्हणून जरा जास्तच सांगते.

कारखाना सिगारेटच्या फिल्टरचा. तंबाखूचं पानही आमच्याकडे येत नाही. सिगारेटच्या टोकाला जो पांढरा, हलका, भोकाभोकांचा तुकडा असतो तेवढाच आम्ही बनवतो. कापण्याआधी त्याची लांब कांडी असते. त्या कांडीतून हवा किती सहज जाते ते तपासायचं, त्याला आम्ही ओढ म्हणतो. हवा अडकली तर कांडी घट्ट, भसाभस गेली तर सैल. बाबांनी जन्मभर हेच तपासलं. आता त्याच खोलीत, त्याच टेबलाशी मी बसते. इतर सुनांना सासरकडून दागिने मिळतात, मला टेबल मिळालं. एक खुर्ची कुरकुरते, तीही मिळाली.

आता ओढ मोजायला यंत्र आहे. बाबांच्या काळात कांडी ओठांत धरायची, न पेटवता हवा ओढायची आणि निकाल द्यायचा. पुढे यंत्र आलं तेव्हा सगळे हौसेने दोघांची झुंज लावायचे. बाबा आधी सांगत, मग यंत्र सांगे, आणि यंत्राची काय बिशाद वेगळं सांगायची!

कांडीचं काम करता करता सिगारेटही लागली होतीच. मग छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. डॉक्टरांनी दम भरल्यावर बाबांनी एका दिवसात सोडली, पण ओठांना चैन पडेना. म्हणून मी लॅबमधल्या बाद झालेल्या कांड्या मूठभर घरी आणते. बाबा खिडकीपाशी बसून त्यातली एक कोरडीच ओठांत धरतात.

"नातवंडांची सुटली, यांना लागली चोखणी," सासूबाई म्हणतात.

संध्याकाळी मी चपला काढायच्या आत बाबांचा हात पुढे येतो. "काय आणलंस, सूनबाई?" मग एकेक ओढून निकाल. "ही बरी आहे. ही बनवताना कोणीतरी जांभया देत होतं. आणि ही कोणी केली? त्याला घरी बसव." आम्ही दोघं हसत सुटतो, आणि सासूबाई आतून भांडी जरा जोरात ठेवतात.

भांड्यांचं कारण वेगळंच होतं. डॉक्टरांनी बाबांना दर काही महिन्यांनी नळीत फुंकून श्वास दाखवायला बोलावलं होतं, आणि बाबा दाद देत नव्हते. "माझा श्वास रोज घरच्या घरी तपासला जातो. त्या कालच्या पोराच्या नळीत कशाला फुंकू?" सासूबाई माझ्याकडे बघत. आणि मी, खरं सांगायचं तर, बाबांचीच बाजू घेई. माणूस रोज ओढतोय, रोज बिनचूक सांगतोय, मग छाती ठणठणीत असणारच की! मला ते अगदी पटलं होतं.

हल्ली बाबांची कुरकुर तेवढी वाढली होती. "आजकाल सगळंच घट्ट बनवता तुम्ही लोक." मी म्हटलं, नवी पोरं भरती झालीत, असेल. दुसरी नवी खोड म्हणजे बाहेरून आले की जिन्याच्या मधल्या टप्प्यावर शेजाऱ्यांच्या कुंडीपाशी थांबायचं आणि तिला नावं ठेवायची. पाणी जास्त घालतात, माती बदलत नाहीत. मला वरपर्यंत ऐकू यायचं.

अशात कारखान्यात फेसाची कांडी आली. लाकडाच्या लगद्याचा फेस करून वाळवायचा. आत सगळी भोकं एकमेकांना जोडलेली, हातात धरली तर धरलीय हे कळू नये इतकी हलकी, आणि फेकून दिली तर मातीत कुजणारी. साहेब हरखून गेले होते. आम्ही त्यांना घाईसाहेब म्हणतो, कारण त्यांच्या खोलीत कोणी शिरलं की ते आधी घड्याळ बघतात. पहिला मोठा माल तयार होता, दुसऱ्या दिवशी गाडी निघणार होती. यंत्राने सगळं पास केलं. मी ऐटीत चार कांड्या घरी आणल्या.

बाबांनी पहिली ओढली. "घट्ट."

दुसरी ओढली. "हीपण घट्ट."

"अहो बाबा, यंत्र म्हणतंय बरोबर आहे."

"मग यंत्राच्या नाकात काहीतरी अडकलंय. माल सोडू नकोस, सूनबाई. तोंडघशी पडशील."

मी तशी भांडखोर. स्वतः मात्र त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणते. सकाळी जाऊन मी गाडी अडवली. घाईसाहेब धावतच आले. "बाई, आकडे नीट आहेत ना? मग अडचण काय?"

"आकडे खोटे आहेत."

"कोण म्हणतं?"

"बाबा म्हणतात."

त्यांनी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं. "म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या तोंडासाठी मी गाडी उभी ठेवू?"

"त्याच तोंडावर हा कारखाना उभा राहिलाय," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की बाहेर खोकी उचलणारे थांबून ऐकायला लागले. शेवटी साहेब नमले. म्हणाले, "उद्यापर्यंत थांबतो. तोवर यंत्राला काच लावून बघा."

काच म्हणजे काचेची कांडी. आत केसासारख्या बारीक नळ्या असतात, आणि तिची ओढ कायमची ठरलेली असते. कागद फुगतो, फेस दमट होतो, काच आहे तशीच राहते. यंत्रावर संशय आला की यंत्राला ती लावायची, म्हणजे खरंखोटं कळतं. बाबा तर रोज कामाला बसताना आधी ती ओठांत धरायचे. "तोंड सुरात लावून घेतो," म्हणायचे.

मी लावली. यंत्राने काचेचा आकडा बिनचूक दाखवला. यंत्र पुसलं, परत लावली. परत तेच. मी यंत्राला चार शिव्या हासडल्या आणि काच काढून हातात घेतली, तेव्हा डोक्यात आलं की यंत्राला काच लावली, बाबांना किती दिवसांत लागली नाही? कुरकुरती खुर्ची ओढून मी खाली बसले. आजकाल सगळंच घट्ट. सगळंच.

काच खोलीबाहेर न्यायची नसते. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि वाटभर पर्स छातीशी धरून घरी आले.

बाबांचा हात पुढे आलाच. "अडवलास ना माल?"

"अडवला. आधी डोळे मिटा."

"लाडात आलीयस फार," म्हणत त्यांनी मिटले. मी काच त्यांच्या ओठांत ठेवली. ती गार लागताच त्यांनी ओळखली. जुनी मैत्रीण भेटावी तसे ते मिटल्या डोळ्यांनीच हसले. मग त्यांनी हवा ओढली. हसू थोडा वेळ राहिलं, मग गेलं. त्यांनी पुन्हा ओढली. या वेळी खांदे वर आले, मानेच्या शिरा दिसल्या. सासूबाई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या.

"कचरा अडकला असेल तिच्यात," मी घाईघाईने म्हणाले. "मी पर्समध्ये आणली ना."

"काचेत काय अडकणार गं," बाबा म्हणाले. त्यांनी ती सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. "उद्या माल सोडून दे. चांगला बनवलाय. साहेबांना सांग, जुना तपासनीस नादुरुस्त आहे."

मी भोकाड पसरलं, अगदी लहान पोरीसारखं.

"रडतेस काय? यंत्र बिघडलं की दुरुस्तीला पाठवतात," बाबा म्हणाले, आणि आत वळून, "अगं, माझा बाहेरचा शर्ट दे. दवाखाना उघडा असेल अजून."

इतके महिने कानीकपाळी ओरडलेल्या सासूबाईंनी शर्ट आणला आणि बाबांची बटणं स्वतः लावली. शेवटचं बटण लावताना त्यांना बराच वेळ लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी नळी पुढे केली तेव्हा बाबांनी ती उलटसुलट बघितली. "याला काच लावलीय का कधी?" डॉक्टर गोंधळले, आणि बाबांनी मुकाट्याने फुंकलं. छाती बरीच आखडली होती. डॉक्टर चिडले, मग शांत झाले. गेलेलं सगळं परत येणार नाही म्हणाले, पण उरलेलं सांभाळता येईल, आता तरी दांड्या मारू नका. एक पंप दिला, तो कसा ओढायचा ते दाखवलं. बाबांनी तो ओढला आणि सवयीने माझ्याकडे बघितलं.

"सैल आहे," ते म्हणाले.

परत येताना जिना चढून मधल्या टप्प्यावर आलो आणि बाबा कुंडीपाशी थांबले. कठड्यावर हात टेकला. या खेपेला त्यांनी पाण्याला, मातीला, कशालाच नावं ठेवली नाहीत. नुसता श्वास घेत होते, आणि तो मला ऐकू येत होता.

"कुंडी बघतोय गं," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"बघा की," मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी कुंडीकडे बघत उभी राहिले. "मलाही बघायचीच आहे."