होनोरा की हॅना?

मी एक थडग्यावरचा दगड बोलतोय. वॉलॉंगॉंग शहरापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी, इथे पहिल्यांदा वस्ती करायला आलेल्या गोऱ्या लोकांची एक जुनी दफनभूमी आहे. मी तिथला. माझी अडचण आधीच सांगतो. मला वाचता येत नाही. माझ्या अंगावर काय कोरलंय ते लोक मोठ्याने वाचतात तेव्हाच मला कळतं. आणि लोक पुढून वाचतात तेव्हा एक नाव घेतात, मागून वाचतात तेव्हा दुसरंच.

एकशेसाठ वर्षं होऊन गेली, मी गोंधळलेलाच आहे.

मला आठवतं ते एवढंच. खाणीतून काढून मला एका पाथरवटाच्या अंगणात आणलं. तो माझ्यावर छिन्नी चालवत होता, तेवढ्यात चिखलाने माखलेल्या बुटांचा एक माणूस आला. डॅनियल शीहन. सोबत पाद्री होते. डॅनियललाही माझ्यासारखंच वाचता येत नव्हतं. पाद्रींनी नाव वाचून दाखवलं आणि तो एकदम ओरडायलाच लागला. त्याची आयरिश बोली मला कळली नाही. पाथरवटाने मुकाट्याने मला पालथं केलं आणि दुसऱ्या बाजूवर पहिल्यापासून कोरायला घेतलं.

डॅनियल कितीतरी वर्षं दर रविवारी माझ्यापाशी गुडघे टेकायचा. मग तो येईनासा झाला. गवत वाढलं, गाई माझ्या कडेला अंग घासू लागल्या. शंभरेक वर्षांनी तेव्हाच्या विश्वस्तांची माणसं आली. त्यांना इथे बाग करायची होती. आम्हा सगळ्या दगडांना उपटून त्यांनी कुंपणाला टेकवून ठेवलं. कोणता दगड कुठून काढला हे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

मग आली बेरिल. लायब्ररीतून निवृत्त झालेली बाई, इथल्या स्वयंसेवकांची प्रमुख. मऊ ब्रशने तिने माझं शेवाळ काढलं आणि वाचलं. पुढे: होनोरा, डॅनियल शीहनची पत्नी, वय एकतीस. मागे: हॅना, वय एकतीस, मृत्यूची तारीखही तीच. मागे आडनाव नव्हतंच.

“जुळ्या बहिणी!” बेरिल म्हणाली. “एकाच दिवशी ओढ्याच्या पुरात गेल्या असणार.”

ओढा कुठला, पूर कुठला, मला काहीच आठवेना. पण ती इतक्या खात्रीने सांगायची की मलाही ते खरं वाटू लागलं. वीस वर्षं ती आल्या-गेल्याला हीच गोष्ट सांगत होती आणि मी हॅनासाठी हळहळत होतो.

यंदा दफनभूमीच्या समितीने ठरवलं, सगळे दगड नव्या भिंतीत सिमेंटने पक्के बसवायचे. म्हणजे माझी एकच बाजू दिसणार. बेरिल दोन आठवडे अस्वस्थ होती. शेवटी तिने ठरवलं, हॅनाची बाजू बाहेर ठेवायची. “होनोराला निदान नवरा तरी होता. हॅनाला आपल्याशिवाय कोण आहे?”

भिंतीचं काम सोमवारी सुरू होणार होतं. आदल्या शनिवारी लूसी आली. ती हॉस्पिटलमध्ये नर्स, मूळची वसईची, सुट्टीच्या दिवशी आम्हाला साफ करायला येते. या वेळी तिने वडिलांनाही आणलं होतं. मानवेल तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. वसईच्या चर्चमागच्या दफनभूमीत त्यांनी चाळीस वर्षं दगडांवर नावं कोरली होती.

ते माझ्यासमोर मांडी घालून बसले. हॅनाच्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं, मग लूसीच्या पर्समधला आरसा मागितला आणि उन्हाचा कवडसा माझ्यावर तिरका पाडला.

“लूसी, बघ. अक्षरं सरळ यावीत म्हणून या रेघा आधी आखतात. तीन ओळी कोरल्यात. खाली आणखी चार रेघा आहेत, त्या कोऱ्याच. काम अर्ध्यात सोडलंय.”

“म्हणजे काय, पप्पा?”

“नाव चुकलं. चांगला दगड टाकून कोण देतं? आम्हीपण पालथा करून मागेच कोरायचो.”

लूसीने ते बेरिलला इंग्रजीत सांगितलं. बेरिलचा चेहरा उतरला. “पण नावं तर दोन आहेत!”

मानवेल लेकीकडे वळले. “माझ्या व्हिसावर काय नाव आहे?”

“मॅन्युएल.”

“आणि मी कोण?”

“मानवेल.”

“मग आम्ही जुळे का गं, बाय?”

लूसी हसत हसत ते सांगू लागली. बेरिल हसली नाही. ती तिथेच गवतावर बसली.

“होनोरा,” ती हळूच म्हणाली. “कामाला ठेवणारे मालक होनोरा नावाच्या आयरिश मुलींना हॅना म्हणायचे. त्यांना सोपं पडायचं. मला हे माहीत होतं, लूसी. कुठेतरी वाचलं होतं मी.” तिचे डोळे भरून आले. “वीस वर्षं मी तिच्यासाठी फुलं आणली. ती नव्हतीच?”

“होती ना. हीच ती,” लूसी म्हणाली आणि तिच्याशेजारी बसली.

डॅनियल तेव्हा का ओरडला, ते मला आत्ता कळलं. मालकांनी दिलेलं नाव त्याला बायकोच्या उशाशी नको होतं. कळलं खरं, पण मन हलकं झालं नाही. जी वेगळी कुणी नव्हतीच तिच्यासाठी मी वीस वर्षं हळहळलो, त्या दुःखाचं आता काय करायचं?

बेरिलने तिथूनच समितीला फोन केला. “या दगडाला सिमेंट लावायचं नाही,” एवढंच ती म्हणाली.

आता मी हिरवळीवर मोकळा उभा आहे. दोन्ही बाजूंनी फिरून लोक मला वाचतात. पण ही जागा अंदाजाने निवडलेली आहे. जुना नकाशा कुणाकडे नाही. होनोरा माझ्यापासून दहा पावलांवर असेल, नाहीतर मुलांच्या झोपाळ्याखाली, किंवा जिथे तुम्ही गाडी लावता तिथे. नाव सापडलं, ती सापडली नाही.

म्हणून एक विनंती. कधी आलात, तर या गवतावरून जरा हळू चाला. ती कुठेही असेल.