उजेडबाबांचा काळा चष्मा

मोहन्याच्या मैदानावर शेकडो हात एकदम वर गेले. हातात जपमाळ नाही, मोबाईल. सगळे कॅमेरे सूर्याकडे.

"दिसला! दिसला रे! हिरवा हिरवा!"

"माझ्यात पण आले सूर्यमहाराज! हे बघ, खाली कोपऱ्यात!"

आणि खरंच, ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर सूर्याच्या समोरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. फोन हलवला की ठिपका पळायचा. बाया हात जोडत होत्या, पोरं स्टेटस टाकत होती, आणि गादीवर बसलेले उजेडबाबा माईकवर गर्जत होते.

"फोनमध्ये दिसला तो ट्रेलर, बेटा! पिक्चर उघड्या डोळ्यांनी! वर बघा. पापणी पाडू नका. पाणी येतंय? येऊ दे, पाप वाहतंय! आता मिटा डोळे. दिसला आत?"

"दिसला!" मैदान थरारलं.

दिसणारच. घरातल्या बल्बकडे टक लावून डोळे मिटले तरी आत ठिपका नाचतो. पण बल्बला कोण हार घालणार?

मंडपाच्या खांबाला टेकून विठ्ठल हे बघत होता. मंडप त्याचाच, खुर्च्या त्याच्या, माईकसुद्धा त्याचा. माणूस पन्नाशीचा, पण खोड्या शाळकरी. लग्नात नवऱ्याच्या खुर्चीखाली पिपाणी बांधून ठेवणारा. मात्र आज त्याला हसू येत नव्हतं. पहिल्या रांगेत त्याची धाकटी बहीण रंगूबाई बसलेली. तिची मान वर होती आणि डोळे सताड उघडे.

बाबा स्वतः पूर्ण भजन होईस्तोवर सूर्याकडे बघायचे, सोनेरी काडीच्या काळ्या चष्म्यातून. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं. "हा चष्मा माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. ह्या डोळ्यांत सूर्य साठलाय. काढला तर समोरचा जळेल!"

लोक घाबरून दोन पावलं मागे सरायचे. बाबा गाडीतून उतरून गादीपर्यंत एकटे, अनवाणी, इकडेतिकडे न बघता चालायचे, तेव्हा तर बायांच्या अंगावर काटा यायचा. त्या वाटेवर जाड काथ्याची चटईच पाहिजे, असा बाबांचा पट्टशिष्य दगडू दर वेळी विठ्ठलला दम द्यायचा. "गालिचा नको. आणि वाट एकदम सरळ. कळलं ना?"

संध्याकाळी विठ्ठल बहिणीकडे गेला. रंगूबाई साड्यांना फॉल लावून घर चालवायची. आज सुई कापडात कमी आणि बोटात जास्त जात होती.

"रंगे, साडी शिवतेस का बोट?"

"मधलं दिसत नाही रे दादा. तिथे महाराज असतात." तिचा आवाज आनंदी होता. "बाबा भर सभेत बोलले, ह्या बाईच्या डोळ्यात देव कायमचा बसला. सगळ्या पाया पडल्या माझ्या."

"आणि माझं तोंड दिसतं?"

"कान दिसतात. तोंडाच्या जागी महाराज."

"मग बरंच की. माझ्यापेक्षा तेच देखणे असतील," विठ्ठल म्हणाला. शेजारी तिची मुलगी रुचिता बसलेली, बारावीतली. आई तिच्याकडे बघून बोलत होती, पण नजर पोरीच्या चेहऱ्यावर ठरत नव्हती.

"रथसप्तमीला रुचीला उभी करतेय," रंगूबाई म्हणाली. "पहिली हीच. बाबा स्वतः डोक्यावर हात ठेवणार."

रुचिता दारापर्यंत सोडायला आली. "मामा, मला भीती वाटते. पण चाळीतले बोलतात, आईला मिळालं आणि तू नाही म्हणतेस? मी नाही गेले तर आईला कसं वाटेल?"

दुसऱ्या दिवशी विठ्ठलने थाप मारली. ठाण्याला पैठण्यांचा सेल लागलाय. अशा थापा त्याला झोपेतही जमायच्या. रंगूबाई नवी पिशवी घेऊन निघाली आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टर कल्पिता मॅडमच्या खुर्चीत जाऊन बसली.

मॅडमनी बराच वेळ डोळ्यात बघितलं. "आतला पडदा मधोमध भाजलाय. तुम्ही सूर्याकडे बघत होतात का?"

"भाजलं असतं तर दुखलं नसतं का?"

"दुखल्याचं कळवणारी नसच नाही तिथे. लहानपणी भिंगाने कागद जाळला होता ना उन्हात? डोळ्यातही भिंगच असतं, रंगूबाई."

"औषध?" विठ्ठलने विचारलं.

"ह्याला औषध नाही. काही महिन्यांत थोडं सुधारेल कदाचित. सगळं परत येईलच, असं मी सांगू शकत नाही. आणि लहान मुलांच्या डोळ्यांत तर ऊन आणखी सहज शिरतं."

रंगूबाई उठली. "तुमचा विश्वास नाही, म्हणून तुम्हाला देवाच्या जागी भाजलेलं दिसतं." ती बाहेर जाऊन बाकावर बसली. पिशवी छातीशी धरून.

"मग तो बाबा कसा बघतो?" विठ्ठल वैतागून म्हणाला.

मॅडमनी कपाटातून एक चष्मा काढला. साधा पुठ्ठ्याचा, ग्रहणाच्या वेळचा. विठ्ठलने लावला.

"लाईट गेली का?"

"खिडकीतून वर बघा."

मिट्ट काळोखात एक छोटी नारिंगी टिकली लटकत होती. डोळ्याला अजिबात त्रास नाही.

"ह्याला सोलर फिल्टर म्हणतात. लाखातला एखादा भाग उजेड आत येतो. हे लावून कितीही वेळ सूर्य बघा. पण सूर्य सोडला तर काहीच दिसत नाही. हा लावून मी ह्या दारापर्यंतसुद्धा चालू शकणार नाही. टेबलावर आपटेन."

विठ्ठलने चष्मा हळूच काढला. जाड काथ्या. अनवाणी पाय. एकदम सरळ वाट.

"अरे लबाडा," तो स्वतःशीच म्हणाला.

रथसप्तमीला मैदान फुललेलं. चटईच्या टोकाला रुचिता उभी, नवा ड्रेस, कपाळाला कुंकू. मागे रंगूबाई, लेकीच्या हनुवटीखाली हात धरून. "मान वर ठेव हं बाळा. बाबांनी हात ठेवला की उघडायचे डोळे. मिटायचे नाहीत."

"दगडूशेठ, तुमचा माईक खरखरतोय बघा," विठ्ठल म्हणाला. दगडू मशीनकडे धावला. तेवढ्यात विठ्ठलच्या माणसांनी चटई मधूनच वळवली. आता ती गादीकडे जात नव्हती. बाजूच्या कनातीतून जिथे जात होती, तिथे मागच्या तबेल्यातली चंद्री म्हैस निवांत रवंथ करत उभी होती.

गाडी आली. बाबा उतरले. शर्टाला माईक, डोळ्यांना चष्मा. पायांनी काथ्या चाचपला आणि निघाले, तेच तेजस्वी, तेच अलिप्त. वळणावर अंगठ्याने कड शोधली आणि वळले.

"बाबा तिकडे कुठे?" कुणीतरी कुजबुजलं.

"लीला असते ती. गप."

चटई संपली. बाबा थांबले. हात उचलला आणि चंद्रीच्या टाळक्यावर ठेवला. क्षणभर बोटं घुटमळली, पण तोंड सवयीने सुरू झालं आणि भोंग्यातून मैदानभर घुमलं.

"ये बेटी! किती निर्मळ मन तुझं! आता उघड्या डोळ्यांनी वर बघ!"

चंद्रीने भलामोठा हंबरडा फोडला.

आधी कुणालाच कळेना. मग एक पोरगं फिसकन हसलं आणि पाठोपाठ पूर्ण मैदान. रुचितानेही मान खाली घालून तोंडावर हात धरला. रंगूबाईचा हात हवेतच राहिला.

विठ्ठलने पुढे होऊन बाबांचा चष्मा ओढून काढला.

"जळाल! सगळे जळाल!" बाबा किंचाळले. लोक मागे पळाले. कुणीही जळलं नाही. बाबांनी मात्र डोळे मिचकावले, समोर म्हैस बघितली आणि ऊन डोळ्यांवर येताच झटकन सूर्याकडे पाठ फिरवली.

"बाबा, तिकडे नाही. वर बघा की," विठ्ठल म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी. पापणी पाडायची नाही. आम्ही आहोत ना सोबत."

बाबा बघेनात.

विठ्ठलने रुचिताला बोलावलं. "रुचे, फोन काढ. सूर्य धर. बघू नकोस वर, फक्त स्क्रीन बघ. महाराज आले?"

"आले. हिरवे."

"आता बाबांच्या चष्म्याची ही काच कॅमेऱ्यापुढे धर."

स्क्रीन काळी झाली आणि मधोमध एक शांत, गोल, नारिंगी चकती उमटली. ठिपका गायब.

"गेले कुठे महाराज?" एक बाई पुटपुटली.

"कुठेच नव्हते, मावशी. झगझगीत उजेड कॅमेऱ्याच्या काचांत उलटसुलट आपटतो, त्याचा डाग तो. आणा, आमचा हॅलोजन लावतो." लावला. शंभर फोन वळले आणि शंभर स्क्रीनवर हिरवे महाराज मंडपाच्या दिव्यातून उतरले. कुणी हार घातला नाही.

"ही सोलर फिल्टरची काच आहे," विठ्ठल माईकवर म्हणाला. आवाज आता खोडकर नव्हता. "सूर्याचा फोटो काढतानाही लागते आणि बघतानाही. तुमच्या बाबांना पक्कं माहीत होतं. स्वतःच्या डोळ्यांवर लावली आणि तुम्हाला सांगितलं, उघडे ठेवा."

पोलीस आले, बाबांना आणि दगडूला घेऊन गेले. काही लोक जाताना म्हणालेच, विठ्ठलला कोप भोवणार. रंगूबाई घरी गेली. दोन दिवस तिने दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतली एक बाई कडेवर पोर घेऊन आली. बाबा गेले म्हणून काय झालं, डोळ्यात देव असलेली बाई तर इथेच होती. तिने वाकून रंगूबाईच्या पायाला हात लावला. विठ्ठल आणि रुचिता बघत राहिले.

रंगूबाईने पाय मागे घेतले.

"देव नाही बाय. भाजलंय." तिने हात धरून बाईला उठवलं. "इकडे आण पोराला. जवळ. असं समोर नाही, बाजूला." तिने मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने त्याच्याकडे बघितलं. "आता असं तिरकं बघितलं तरच तोंड दिसतं मला. माझ्या लेकीचं पण. तिचेही डोळे भाजायला मीच तिची मान वर धरली होती."

बाईने पोराच्या डोळ्यांवर पदर ओढला.

"सूर्य बघायचाय? बघ. ह्याला पण दाखव. पण खात्रीचा सोलर फिल्टर लावून. एक्स-रेची फिल्म नको, काजळी धरलेली काच नको, बाजारातला काळा गॉगल नको. आणि कुणी येऊन सांगितलं, देव दिसेल, उघड्या डोळ्यांनी बघ, तर लाजू नकोस. त्याला सांग, आधी तू बघ. चष्मा काढून."