डावी नळी, उजवी नळी

लोडशेडिंगने शेजारच्या कारखान्यातले लूम थांबले; एरवी त्यांच्या धडधडीत काही ऐकू येत नसे. आता लाईट यायच्या आत जुन्या राजदूत ३५०चे दोन्ही कार्बोरेटर जुळले नाहीत, तर मालक गाडी कशेळीला दुसऱ्या मेकॅनिककडे नेणार होता. इंजिन चालू ठेवून रामदासने दोन्हींना रबरी नळ्या लावल्या आणि टोकं कानांत घातली; हवेची फुसफुस दोन्हीकडे सारखी आली की जुळले.

उजवा: जोरात फुसफुस.
डावा: जवळजवळ काही नाही.

त्याने डावीकडचा स्क्रू पिळला. इंजिन किंचाळलं.

डावा: तरीही नाही.

"नळ्या बदलून बघा," त्याची बायको बकुळा म्हणाली.

त्याने कानांतली टोकं अदलाबदल केली.

उजवा: जोरात.
डावा: नाही.

रामदासने डावा कान चोळला. "कार्बोरेटर न्हाय, कान गेलाय. आधी लूमवर केलेल्या शिफ्टांनी."

"ठाऊक हाय. त्याच बाजूनं शिव्या घालते मी तुम्हाला."

मग दोन्ही नळ्या आळीपाळीने उजव्याच कानाला लावत त्याने स्क्रू फिरवला. फुसफुस सारखी झाली आणि लूम धडधडले. उजवा कान बकुळाकडे करून तो म्हणाला, "आता घाल."