चौथ्या ठोक्याला पाठ

"हळूच ढकलतो म्हणे! हळूच ढकलून बरगडी मोडते का रे, दादा?"

काडीने ड्रमची काठी भिरकावली. ती काकांच्या कानाजवळून सणसणत गेली आणि मागच्या भिंतीवर आदळली.

"अरे, डोळा गेला असता माझा!" काका ओरडले. काका म्हणजे रेकॉर्डिस्ट. नात्याने कुणाचेच काका नव्हते, पण सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

"गेला असता तर त्याचाही आवाज घेतला असता तुम्ही. घातला असता गाण्यात."

"तोंड सांभाळ," दादा म्हणाला.

"नाहीतर? आपटशील परत?"

त्याला काडी म्हणायचे ते उगाच नाही. अंग वाळक्या काडीसारखं आणि डोकं पेटत्या काडीसारखं. शाळेशी नववीतच फाटलं, तेव्हापासून थोरल्या भावाच्या बँडमध्ये ड्रम बडवत होता. बँडचं नाव 'गंजके खिळे', आणि गाणी अशी की ऐकणाऱ्याने कानाचे पडदे दुसऱ्या दिवशी शिवायला टाकावेत. मग दादा प्रेमात पडला आणि 'गॅलरीत ये ना' असलं गुळमट गाणं घेऊन रेकॉर्डिंगच्या याच खोलीत आला. काडीने ऐकलं आणि म्हणाला, "हे तिला नाही, तिच्या आईला आवडेल."

बस. दादाने गचांडी धरली, उचललं आणि मोठ्या ड्रमवर आपटलं. पाठीवर. धब्ब! बरगडी गेली आणि काडीच्या छातीतला श्वास तोंडातून निसटला. हं.

काकांना माइक बंद न करायची खोड. भांडण अख्खं रेकॉर्ड झालं. त्यांनी त्यातून तेवढं धब्ब-हं कापलं आणि गाण्यात दर चौथ्या ठोक्याला बसवलं. काडी तेव्हा छातीला पट्टा बांधून घरी पडला होता. त्याला कुणी विचारलंही नाही.

आणि गाणं असं उधळलं की विचारू नका. बसमध्ये तेच, सलूनमध्ये तेच, लग्नात तेच. चौथ्या ठोक्याला मंडळी पाय आपटायची आणि हं करून मान टाकायची. गल्लीतल्या पोरांनी तर खेळच काढला. एकाने पाठीत गुद्दा घालायचा, दुसऱ्याने हं करायचं. त्यात एकाचा खांदा निखळला, एकाचे पुढचे दात गेले. पोरं थांबली नाहीत.

आईला सांगितलं होतं, काडी जिन्यावरून पडला. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. गाणं लागलं की बायकांना सांगायची, "माझ्या पोरांचं हो!" आणि चौथ्या ठोक्याला इस्त्री आपटायची. घरी म्हणायची, "ते हं किती गोड आहे रे!" काडी ताटावरून उठायचा.

आता म्युझिक कंपनीला तेच गाणं नव्याने, स्वच्छ हवं होतं. जुन्या गाण्यात त्या आवाजाला गिटारची घरघर चिकटलेली. भांडणाच्या रेकॉर्डिंगात मूळ आवाज सुटा होता, पण तो दादानेच पुसायला लावला होता, भांडण आईच्या कानावर जाऊ नये म्हणून. ज्याने पुसला तोच आता धुंडत होता. सकाळपासून गादी आपटली, वाळूचं पोतं आपटलं, सूटकेस आपटली. काका प्रत्येक वेळी नकाराची मान हलवायचे. शेवटी दादा काडीला म्हणाला होता, "तुलाच ढकलतो परत, हळूच."

"माझं म्हणणं एकच आहे," काडी म्हणाला. "गाणं नवं करताय ना? मग माझी पाठ त्यातून काढा."

"त्या आवाजाशिवाय गाण्यात आहे काय?" दादा म्हणाला.

"हेच मी बोललो होतो. त्यापायीच बरगडी दिली."

काका फिस्सकन हसले आणि काचेपलीकडे आपल्या यंत्रांपाशी जाऊन बसले. दादा हसला नाही. तो ड्रमसमोर जाऊन उभा राहिला.

"मग मला टाक. म्हणजे गाण्यात माझी पाठ जाईल, तुझी सुटेल. झाली फिटंफाट."

"खरंच टाकीन हं."

"टाक की. काडीच्या अंगात जोर असला तर..."

पुढचं बोलायला काडीने त्याला ठेवलंच नाही. गचांडी धरून आपटला. दादाने आईवरून शिवी हासडली.

"शिवी नको," काका म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा आपटला. दादाने हात टेकला, मनगट मुरगळलं.

"हात नको टेकू रे. पुन्हा."

पुन्हा. डोकं ड्रमच्या काठावर आपटलं, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. दादा उठून उभा राहिला. काडीच्या हातांना आता ओझं लागेना. प्रत्येक खेपेला दादा हलका होत होता. काडीला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

"पुन्हा," या वेळी काडीच म्हणाला.

धब्ब! आणि दादाच्या तोंडून श्वास निसटला. हं.

काकांनी तो आवाज लावून ऐकवला. थेट तोच. एका आईची पोरं, छातीतून निघालेला श्वासही एकच. दादा जमिनीवर बसून कुशी दाबत होता, पण चेहरा फुलला होता.

"आला ना? सुटलास तू. आता तुझं काही नाही त्यात."

काडीने आपल्या हातांकडे पाहिलं. दादाच्या शर्टाचं बटण अजून मुठीत होतं. "हात आहेत की माझे," तो म्हणाला.

"एक जादा घेऊन ठेवू या," काका काचेआडून म्हणाले. "वेळेला असावा."

दादा भिंतीला धरून उठला, रक्त बाहीला पुसलं आणि ड्रमसमोर उभा राहिला. "घे रे."

काडीला कळायच्या आत त्याचे हात गचांडीला गेलेही होते. पकड घट्ट बसली होती. दादाने डोळे मिटले. काडीने एकेक बोट ओढून पकड सोडवली आणि मागे सरत दार गाठलं.

"कुठे चाललास? अरे, एकदाच अजून!"

"थांबलो तर एकदाच होणार नाही, दादा. मला आता निघायलाच हवं."