उत्तरेच्या खिडकीतला उजेड

पडदेवाल्याने करड्या कापडाचं ठाण टेबलावर आपटलं, तेव्हा ताई खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.

"निळं आहे," तो म्हणाला. "मी नमुना दिला करडा. तुम्ही रंगवलंत निळं. तिसऱ्यांदा!"

ताईने त्याचा नमुना ठाणावर ठेवला. करड्यावर करडा. एकाची कड कुठे संपते आणि दुसरं कुठे सुरू होतं, बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

"डोळे फुटलेत का तुमचे?"

"माझे नाही," तो म्हणाला, आणि ठाण तिथेच टाकून चालता झाला. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, पण जाताना येतो म्हणायचीही गरज त्याला वाटली नाही.

ताई तशी नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हती. पण आज तिचा राग कुणावर काढायचा हाच प्रश्न होता. गेल्या खेपेला ती स्वतः त्याच्या दुकानात गेली होती, आणि दारातल्या उजेडात ते कापड तिलाही निळं दिसलं होतं. तशीच तणतणत परत येऊन तिने डावरीला फैलावर घेतलं. डावरी म्हणजे तिच्याकडे बावीस वर्षं रंग कालवणारी डावखुरी बाई. "जादा निळा घातलास! हात थरथरतात तुझे, तराजू कळत नाही!" असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली. डावरीने तोंड उघडलं तर ताईने दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्याच दिवशी डावरी शेजारी कामाला लागली. शेजारी म्हणजे ताईच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे.

या बहीणभावांत चार वर्षं विस्तव जात नव्हता. वडिलांच्या माघारी कापड रंगवायच्या कारखान्याचे दोन तुकडे झाले. मोठे हौद आणि आवार भावाकडे गेलं, शेडची खोली ताईकडे आली, आणि मधे अरुंद बोळ उरला. शेडची खोली म्हणजे कापडाच्या रंगाची शेड, म्हणजे छटा, नमुन्याशी जुळली की नाही, हे ठरवायची जागा. तिला एकच खिडकी, उत्तरेकडची. तिथून ऊन कधी आत येत नाही, दिवसभर सारखा, थंड उजेड येतो. खिडकीकडे पाठ करून बसायचं, टेबलावर पडेल त्या उजेडात बघायचं, दारात जाऊन बघायचं नाही, अशी वडिलांची शिस्त. त्या खिडकीवर संशय घेणं म्हणजे वडिलांवर संशय घेणं. ते ताईने जन्मात केलं नसतं.

या खेपेला रंग तिने स्वतः तोलला होता. मग चुकलं काय? डोळेच. डोळ्यांच्या डॉक्टरने काही नाही म्हणून सांगितलं होतं, पण डॉक्टरला शेड काय कळणार! साठी उलटलेली, लोक बोलणारच. भावाने तर निरोपच पाठवला होता: 'डोळे गेलेत तिचे. आता खोली सोड म्हणावं, अब्रू तरी राहील.' तेव्हा ताईने निरोप्याला हाकलून दिलं होतं. आता मात्र तिला रडू फुटलं. खोली गेली तर तिचं काय उरणार होतं? कोरा कागद पुढ्यात घेऊन ती लिहायला बसली. खोली सोडते, एवढंच लिहायचं होतं.

कागद पिवळट होता. दुसरा घेतला, तोही तसाच. नवी कोरी गड्डी, सकाळीच आणलेली! दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला म्हणून ती शिव्या घालत गड्डी घेऊन दारात आली, आणि थबकली. कागद पांढराशुभ्र होता. आत गेली, पिवळट झाला. बाहेर आली, पांढरा.

ताई सावकाश खिडकीकडे वळली. चार वर्षांत पहिल्यांदा तिने बोळापलीकडे पाहिलं. भावाची उंच भिंत खालपासून वरपर्यंत झगझगीत नारिंगी होती.

कापड स्वतःहून काही दाखवत नाही. उजेडातलं ते जे परत फेकतं, तेवढंच आपल्याला दिसतं. त्या भिंतीवर आपटून येणारा उजेड आपल्यातला निळा बोळातच गमावून येत होता. कापडावर निळा पडलाच नाही, तर कापड तो परत कुठून फेकणार? कालवलेला रंग उगाच पिवळट दिसतोय म्हणून ताई 'अजून निळा घाल' म्हणायची, डावरी सांगितलं तेवढाच घालायची, आणि तो वाढलेला निळा नमुन्याशेजारी ठेवूनही खोलीत कुणालाच दिसायचा नाही.

ती तशीच अनवाणी भावाच्या आवारात शिरली.

"मेल्या, माझ्या खिडकीवर रंग फासलास!"

भाऊ हसला. "भिंत माझी, रंग माझा. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"माझं काम बुडवायला केलंस!"

"हो, तुझं काम बुडवायलाच केलं," तो म्हणाला. लपवायची त्याला गरजच वाटली नाही. "पण ताई, मला वाटलं होतं दोन दिवसांत भांडायला येशील. रंगारी चार दिवस शिडी लावून होते तुझ्या खिडकीसमोर. तू मान वळवली नाहीस. आठ महिने! एवढा माझा द्वेष करायला मी तरी सांगितलं नव्हतं."

ताईने मान वळवली. हौदाशी डावरी उभी होती, कोपरापर्यंत हात हिरवे. कामकरी काम थांबवून बघत होते.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"भिंत रंगली त्याच दिवशी सांगायला आले होते. या घराचं नाव काढलंस तर जीभ हासडीन म्हणालात."

म्हणाली होती खरी. ताईला तो दिवस आठवला.

"चल," ती म्हणाली. "उद्यापासून ये परत."

"हात थरथरतात माझे. चार लोकांसमोर म्हणालात."

इथे चारांहून जास्त लोक होते, आणि त्यांत भाऊ होता, हाताची घडी घालून. ताईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तिने मान वर केली.

"वजन बरोबर होतं," ती मोठ्याने म्हणाली. "चूक माझी होती. डावरीची नव्हती."

"ऐकलं," डावरी म्हणाली, आणि हौदाकडे वळून तिने पुढचं ठाण रंगात बुडवलं.